कोरडा शिधा

ज्या वर्षी शाळेला कुलूप लागलं त्या वर्षी आमची शाळा मारुतीच्या देवळावर चढली. देवळाच्या शिखराला बांधलेला भोंगा एरवी काकड्याला, सप्त्याला आणि ‘रेशन आलंय, पोती घेऊन या’ एवढं सांगायलाच वाजायचा. तालुक्याहून हुकूम आला होता की पोरांना मोबाइलवर शिकवा. आमच्या बिरादार गुरुजींनी घरोघर फिरून पाहिलं. मोबाइल होते, पण ते बापाच्या खिशात होते आणि बाप रानात होते. मग त्यांनी सरपंचाला गाठलं, भोंगा मागून घेतला आणि सकाळच्या उन्हात देवळाच्या पारावर उभं राहून पाढे म्हणायला सुरुवात केली. लोह्याच्या पुढचं आमचं गाव लहान, घरं मातीची, वर सपाट माळवद. आम्ही पोरं आपापल्या माळवदावर दप्तर घेऊन बसायचो आणि भोंग्यातून प्रश्न आला की तिथूनच ओरडून उत्तर द्यायचो. मला सातचा पाढा अडतो हे आधी फक्त वर्गाला ठाऊक होतं, आता ते गावातल्या म्हशींनाही कळलं. शेजारच्या सुलाकाकू तर पाणी भरता भरता मला खालून सांगायच्या, “सात आठे छप्पन, गं बाई, म्हण की!”

गुरुजी मूळचे उदगीरकडचे, पार सीमेवरच्या गावातले. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, पण लाडात आले किंवा चिडले की कानडी निघायची. हजेरीच्या वेळी ते कधीच नुसतं नाव घेत नसत. नाव घेऊन विचारायचे, “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का. आम्ही ओरडायचो, “आयतु!” म्हणजे झालं. हीच हजेरी. शाळा भरत होती तेव्हाही त्यांची ही पद्धत होती, कारण त्यांचं म्हणणं असं की पोटात काही नसलेल्या पोराला शिकवणं म्हणजे ओतलेलं पाणी वाहून जाणं. ज्याचं ‘इल्ला’ येईल, म्हणजे नाही, त्याला ते तास सुरू व्हायच्या आधी शाळेच्या स्वयंपाकखोलीकडं पाठवायचे. आणि तिथं माझी माय असायची.

माझी माय शाळेत खिचडी करायची. सगळ्या गावाची पोरं तिला खिचडीमावशी म्हणत आणि मला खिचडीमावशीची रेणुका. मला त्या नावाचा राग यायचा. पण दुपारच्या सुट्टीआधी हळदीच्या फोडणीचा वास वर्गात शिरला आणि मागच्या बाकावरचे हुंगायला लागले की मनातून बरंही वाटायचं. मायला चव घ्यायला लागायची नाही. वाफेवरून ती मीठ ओळखायची, किंवा निदान तसं सांगायची, आणि आमची हिंमत नव्हती तपासून पाहायची. शाळा बंद झाली तेव्हा तिनं ते मोठं पातेलं राखेनं घासून पालथं घातलं, घरी आली आणि अंगणात नुसती बसून राहिली. तिला एवढ्याशा भांड्यात चौघांपुरतं रांधता येईना. कित्येक दिवस आमच्या घरी भाजी उरायची.

शाळेनं आमच्या पोटाची काळजी सोडली असं मात्र झालं नाही. खिचडीऐवजी घरी कोरडा शिधा यायला लागला: तांदूळ, मूगडाळ, कधी हरभरा. गुरुजी मोटारसायकलला दोन्हीकडं पिशव्या अडकवून गल्लीगल्ली फिरायचे. तोंडाला पांढरा पंचा गुंडाळलेला, वर चष्मा, त्यामुळं लहान पोरं त्यांना पाहून पळायची. उंबऱ्याबाहेर पिशवी ठेवायची, मागं सरायचं आणि तिथून विचारायचं, अभ्यास काय, ताप कुणाला, म्हातारी कशी आहे. पुढं तालुक्याच्या साहेबांनी त्यांच्या हातात बोटाला लावायचं ते यंत्रही दिलं. पोरांचा गुरुजी आणि गावाचा अर्धा डॉक्टर अशी दोन्ही कामं ते करत होते. कुणी चहाचा आग्रह केला तर हात जोडायचे. “आता नको. बिमारी गेली की येतो, तवा दोन कप घ्यीन.” त्यांनी कितीजणांना हा वायदा केला होता कुणास ठाऊक. आज वाटतं, तो सगळा चहा गावाकडं तसाच राहून गेला.

माझे अप्पा काळी-पिवळी चालवायचे, लोहा ते नांदेड. जीप म्हणजे त्यांचा जीवच. पुढच्या काचेला गोंडे लावलेले, आणि पावसाळ्यात दार उघडं राहायचं म्हणून मायच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेलं. माणसं किती बसवायची याला अप्पांकडं हिशोब नसायचा. “सरका की, सरका, आपलीच माणसं हायती,” म्हणत ते आणखी एकाला आत घ्यायचे. टाळेबंदीत जीप अंगणात उभी राहिली. माझा धाकटा भाऊ ओंकार दिवसभर तिच्या चाकाशी बसून लोहा-नांदेड-लोहा करायचा. अप्पा रोज सकाळी तिला पुसायचे आणि चालू करून थोडा वेळ नुसतं फुरफुरू द्यायचे. तो आवाज आला की भोंग्यातून गुरुजी म्हणायचे, “रेणुका, तुझ्या अप्पाला सांग, गाडी बंद कर म्हणावं, पोरांना व्याकरण ऐकू येईना.” सगळं गाव हसायचं. त्या दिवसांत आम्ही हसत होतो हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पहिल्या वर्षी बिमारी आमच्या गावाला वळसा घालून गेली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र घरोघर खोकला सुरू झाला. सरकारी गाडीला फोन लागायचा नाही, लागला तर गाडी यायची नाही. अप्पांनी जीपच्या मधल्या सीटमागं प्लास्टिकचा कागद ठोकला आणि माणसं नांदेडला न्यायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला सुलाकाकूंच्या मालकांना नेलं. ते दवाखान्यात राहून चांगले होऊन आले. मग लोक रात्री-अपरात्री दाराची कडी वाजवायला लागले. माय एकदा म्हणाली, “तुमालाच काय पडलंय? गावात दुसऱ्या कुणाकडं गाडी न्हाई का?” अप्पा पायात चप्पल सरकवत म्हणाले, “हाय की. पर त्यांना भ्या वाटून राहिलं.” माय म्हणाली, “आन तुमाला?” अप्पा म्हणाले, “मलाबी वाटतंय. पर गाडी चालवताना इसरतो.”

मग अप्पांना ताप आला. त्यांची जीप चालवायला कुणी नव्हतं, तेव्हा ते स्वतःच चालवत गेले. शेजारी लोह्यापर्यंत गुरुजी मोटारसायकलीवरून. लोह्याला सरकारी गाडी मिळाली आणि अप्पा नांदेडला गेले. जीप परत कुणी आणून लावली ते मला आठवत नाही. त्यानंतरचे अप्पा मी फक्त मोबाइलच्या काचेत पाहिले, एकदाच. नाकातोंडावर नळीचा मास्क, आणि अंगठा वर केलेला. ओंकार म्हणाला, “अप्पा, हॉर्न वाजवा.” अप्पांनी हवेत हात दाबला. मग एका सकाळी मायला फोन आला. फोनवरची बाई फार चांगली बोलली. आम्हाला यायचं नाही म्हणाली, सगळं तिकडंच होईल म्हणाली. माय शेवटपर्यंत ‘हाव मॅडम, हाव मॅडम’ म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं चुलीतला जाळ ओढला, पाणी मारलं आणि म्हणाली, “तुमचे अप्पा गेले.”

आमच्याकडं घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. मातीहून आल्यावर सोयऱ्यानं नाहीतर शेजाऱ्यानं भाकरी आणि पिठलं करून आणायचं, घरच्यांच्या शेजारी बसायचं, पहिला घास आपल्या हातानं भरवायचा आणि आपणही त्यातलाच खायचा. त्याला कडू घास म्हणतात. तो पोटात गेला की रडणं थोडं मार्गी लागतं, घरातली बाई उठते, भांडी हलवते, पुढं काय ते बोलायला लागते. अप्पांच्या बाबतीत आमच्याकडं काहीच नव्हतं. ना तिरडी, ना खांदा, ना राख. मायनं अप्पांचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्या हातात धरायला या घासाशिवाय रीत म्हणून दुसरं उरलंच नव्हतं, हे मला आता समजतं. तेव्हा मला ती फक्त हट्टी वाटली. तिनं चूल पेटवायची नाही असं ठरवलं, आणि स्वतः पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही असंही. आम्हा दोघांना तिनं डब्यातले मुरमुरे दिले, भुईमुगाच्या शेंगा दिल्या, बिस्किटं दिली. मी म्हणाले, “माय, मी टाकते भात.” तर म्हणाली, “चुलीला हात लावायचा न्हाई. कुणीतरी यील.”

माय किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा ती ओंकारएवढी होती. पहाटे घर अंगावर आलं, त्यात तिची आई गेली. ती गोष्ट ती कधी सांगायची नाही. सांगायची ती त्यानंतरची. ट्रकच्या ट्रक भाकरी आल्या होत्या, कुठल्या कुठल्या गावांहून, फडक्यात बांधलेल्या. एका अनोळखी बाईनं तिला मांडीवर घेऊन भाकरी भरवली होती, आधी स्वतः तुकडा तोडून खाल्ला होता, मग तिला दिला होता. “कोण होती, कुठली होती, काई मालूम न्हाई. पर आली व्हती.” म्हणून मायचा पक्का समज होता की माणूस गेलं की दुसरं माणूस भाकरी घेऊन येतंच. जमीन फाटली तरी येतं. किल्लारीहून मामाचा फोन आला, तो हुंदके देत होता, पण जिल्ह्याची हद्द बंद होती आणि त्याच्या घरीही दोघं आजारी होते. माय त्यालाच समजावत बसली. “तू नको फिकीर करू, दादा. हितं लोकं हायती की.”

लोकं होती. आम्हाला विसरली होती असंही नाही. पंचायतीनं दारासमोर किराण्याची पिशवी ठेवली. कुणीतरी जीपच्या बॉनेटवर कांदे ठेवून गेलं. सुलाकाकूंनी मधल्या भिंतीवर ज्वारीच्या पिठाचं भगुणं ठेवलं, पदर तोंडात कोंबला आणि भिंतीआडूनच म्हणाल्या, “पोरी, मायला करून घाल गं काईतरी. मला यायला यीना. घरात लेकरं हायती.” पीठ होतं, भाकरी नव्हती. तांदूळ होते, भात नव्हता. मायनं एकेक वस्तू आत आणून भिंतीकडेला नीट मांडली. सगळ्यांनी कोरडं दिलं. ओलं अन्न घेऊन, उंबरा ओलांडून शेजारी बसायची कुणाची छाती नव्हती, आणि मी आज त्यांना दोष देत नाही. तेव्हा मात्र दिला. मी मनातल्या मनात सुलाकाकूंना इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या काही मला येतात हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या मालकांना कुणी नांदेडला नेलं होतं, हे एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

माय दुसऱ्या दिवशीही तशीच बसली होती. भिंतीला टेकून, डोळे दाराकडं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी माळवदावर जाऊन बसले, कारण खाली बसवत नव्हतं. भोंगा खरखरला. गुरुजींनी अप्पांसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. गावातल्या सगळ्या माळवदांवर पोरं उभी राहिलेली मला दिसली. मग हजेरी सुरू झाली. एकेकाचं ‘आयतु’ येत गेलं. माझं नाव आलं तेव्हा गुरुजींचा आवाज हळू झाला. “रेणुका. ऊटा आयता?” मी गुडघ्यांत डोकं घातलं. पुढचं नाव घ्यावं ना त्यांनी. पण ते थांबले आणि पुन्हा म्हणाले, “रेणुका, बाळ. ऊटा आयता?” काय झालं मला कळलं नाही. मी माळवदाच्या कडेला गेले आणि घसा फाटेल अशी ओरडले, “इल्ला! माझ्या मायनं खाल्लं न्हाई! आमाला कुणीबी घास दिला न्हाई!”

सगळं गाव ऐकत होतं. कुठंतरी बादली आपटली. सुलाकाकूंचं दार लागल्याचा आवाज आला. गुरुजींनी त्या दिवशी हजेरी पुढं घेतली नाही, भोंगा तसाच उघडा राहिला आणि त्यातून वाऱ्याचा आवाज येत राहिला. खाली माय म्हणाली, “काय गरज व्हती गं गावभर वरडायची? अब्रू घालवलीस.” तिच्या आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळानं ओंकार जिन्यावरून म्हणाला, शाळेतून धूर निघतोय. आम्ही पाहिलं तर खरंच स्वयंपाकखोलीच्या पत्र्यावर धूर होता, आणि तोही काळा, ओल्या लाकडाचा. मायनं मान वळवली. “कोण चूल पेटवून राहिलं माझी? लाकडं सुकी पलीकडच्या कोपऱ्यात हायती,” ती म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिची नजर दारावरून हलली होती.

गुरुजी चालत आले. दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं पातेलं, डोळे धुरानं लाल, पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग. आमच्या वाट्याच्या तांदळा-डाळीची खिचडी त्यांनी केली होती. उंबऱ्याशी ते थांबले, मला वाटलं, नेहमीसारखं ठेवतील आणि मागं सरतील. त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. मायच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. “मला भाकरी थापता येत न्हाई, ताई,” ते म्हणाले. “जे जमलं ते आणलं. भाऊ समजा. घ्या.” मायनं मला ताटल्या आणायला लावल्या, तीन आणल्या तर म्हणाली, चार. गुरुजी म्हणाले, “मी बघतो तुमी खाताना. माझं राहू द्या.” मायनं मान हलवली. तिला त्रास द्यायचा नव्हता, पण रीत अर्धी कशी करायची ते तिला कळत नव्हतं. “गुरुजी, देणारानं खाल्ल्याबिगर घास गिळत न्हाई,” ती म्हणाली. गुरुजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा ओंकारकडं. मग तोंडावरचा पंचा सोडला. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचं तोंड पाहिलं. मिशी पांढरी झाली होती.

त्यांनी एक घास स्वतः खाल्ला आणि एक मायला भरवला. मायनं तो तोंडात घोळवला, गिळला, आणि रडायच्या आधी, खरंच आधी, म्हणाली, “मीठ लई झालंय, गुरुजी.” गुरुजी म्हणाले, “हाव, मलाबी तसंच वाटलं.” मग माय जी रडायला लागली ती पार संध्याकाळ होईपर्यंत. गुरुजी भिंतीला टेकून बसून राहिले. अप्पांच्या गाडीच्या गोष्टी काढल्या, एकदा जीप घाटात बंद पडल्यावर अप्पांनी सगळ्या वऱ्हाडाला ढकलायला कसं लावलं होतं, ती सांगितली. जाताना मला म्हणाले, “उद्यापासून हजर राहायचं. सातचा पाढा घेणार आहे.” रात्री मायनं चूल पेटवली आणि उरलेल्या खिचडीत पाणी घालून ती सारखी केली. आम्ही पुन्हा खाल्ली. खारटच होती.

गुरुजी त्यानंतर आणखी काही सकाळी भोंग्यावर आले. मी ‘आयतु’ म्हणत होते. मग एका सकाळी भोंगा वाजला नाही. ताप आहे म्हणाले, मग लोह्याला दाखल केलं म्हणाले, मग नांदेड. मायलाही मधल्या काळात खोकला येऊन गेला होता, ती बरी झाली. गुरुजी झाले नाहीत. ते रोज किती दारांत उभे राहायचे, किती बोटांना यंत्र लावायचे, कुठून काय आलं हे कुणालाच सांगता येणार नाही. मी नर्सिंगला आल्यावर आमच्या मॅडमना एकदा हे सगळं सांगून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ते कळायला काही मार्गच नसतो, तू हे डोक्यात ठेवू नकोस. मायला असं सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. तिनं जेवताना ताटात मीठ वाढून घ्यायचं सोडून दिलं.

गुरुजींच्या मालकीणबाई, म्हणजे त्यांच्या बायको, लोह्याला भाड्याच्या घरात राहायच्या. मूलबाळ नव्हतं. माहेर पार भालकीकडं, कर्नाटकात, तिथून यायला वाट नव्हती. एका पहाटे माय उठली आणि ज्वारीच्या भाकरी थापायला बसली. सुलाकाकूंचं पीठ होतं ते. पिठलं केलं, फडक्यात बांधलं, आणि मला म्हणाली, “चल.” नवरा गेलेल्या बाईनं एवढ्यात दुसऱ्याच्या उंबऱ्याला जायचं नसतं, याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय.” सुलाकाकू भिंतीपलीकडून सगळं बघत होत्या. या वेळी त्या बाहेर आल्या, ओंकारचा हात धरला आणि म्हणाल्या, “ह्याला माझ्याकडं जेवू घालते. तुमी जा.” आम्ही दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून लोह्याला गेलो. वाटेत मायनं एकदाच तोंड उघडलं. “त्यांनी विचारलं तर खरं सांगायचं. हाकलून दिलं तर भाकरी दारात ठेवून यायचं.” तिचे हात गाठोड्यावर घट्ट होते. मला इतकी भीती अप्पांच्या फोनच्या वेळीही वाटली नव्हती.

दार लोटलेलं होतं. आत खुर्चीवर गुरुजींचा चष्मा, आणि खाली जमिनीवर मालकीणबाई, भिंतीला टेकून, आमच्या मायसारख्याच. तोंडाला मास्क लावलेला होता, घरात एकट्या असून. त्यांनी आमच्याकडं पाहिलं पण ओळखलं नाही. माय उंबऱ्यात उभी राहिली. गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. शेवटी तिला कानडीतलं जे एकच येत होतं ते ती म्हणाली. “बाई, ऊटा आयता?”

मालकीणबाईंची मान झटकन वर आली. त्यांनी मायला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, “इल्ला.” आणि मग, “खिचडीमावशी ना तुमी?” माय आत गेली, त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, गाठोडं मधे ठेवलं, पण सोडलं नाही. “आधी सांगते,” ती म्हणाली. “मालक गेल्यावर गुरुजी माझ्या घरी आले. जवळ बसले. मी हट्ट केला म्हनून त्यांनी तोंडावरचं सोडलं. माझ्यासंगं खाल्लं. मला बिमारी व्हती का नव्हती मला तवा म्हाईत नव्हतं. तुमाला काय म्हनायचं ते म्हना.”

बाहेर दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. मालकीणबाईंनी खुर्चीवरचा चष्मा उचलला, पदरानं पुसला, पुन्हा ठेवला. “काय खाल्लं त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“खिचडी.”

“कुणी केली?”

“त्यांनीच. शाळंत चूल पेटवून.”

“ह्यांनी?” त्या म्हणाल्या. “घरात चहाचं आधण ठेवायचं न्हाईत ते. गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नव्हतं.” मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, “कशी झाली होती?”

मायनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. “मीठ लई झालं व्हतं, बाई,” ती म्हणाली.

मालकीणबाई हसल्या. खरंच हसल्या, आवाज करून, आणि त्या हसण्यातच त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्या पुढं वाकल्या. मायनं गाठोडं सोडलं. भाकरीचा तुकडा तोडला, पिठल्यात बुडवला आणि आधी स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा तोडला. मालकीणबाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि लहान पोरीसारखं तोंड उघडलं. घास तोंडाशी पोचायच्या आधीच मायच्या हातातून पिठलं लुगड्यावर सांडायला लागलं. मी पुढं सरकले आणि तिचं मनगट धरलं. मग तो घास आम्ही दोघींनी मिळून त्यांना भरवला.